हातभर पलीकडची माती

धाकटीच्या आईस,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. महिनाअखेरीस येणं जमत नाही. अजून तीन महिने लागतील.

चूक माझ्याच जिभेची. दवाखान्याच्या पायासाठी खणताना कुजक्या खडकात चिकणमाती लागली. इंजिनियरसाहेब म्हणाले, "एकाच खडकाची माती, एक नमुना पुरे." मी म्हणालो, "हातभर पलीकडची बघा." दिसायला जुळी, पण तपासणीत पलीकडच्या मातीत मॅग्नेशियम जास्त निघालं. तिचे कागदासारखे थर पाणी पिऊन फुगतात. भिंती तडकल्या असत्या.

साहेबांनी विचारलं, "कुठलं कॉलेज?"

म्हटलं, "दगड फोडत शिकलो."

आता दर हातभर अंतरावर नमुना घ्यायचा, आणि तो मीच घ्यायचा.

गप्प बसलो असतो तर आज बॅग भरत असतो. हे कौतुकाने सांगावं असं इथे कुणी नाही. खोलीत भांडं पडलं तर "काय पडलं?" म्हणून विचारणाराही मीच.

धाकटीचा खोकला थांबला का? तुझा गुडघा कसा आहे?

खरं सांग, मी गप्प बसायला हवं होतं का? हो म्हणालीस तरी राग नाही. फक्त एका ओळीत म्हणू नकोस, पानभर लिही.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
धाकटीचे बाबा