दुसरी सीडी

४ जानेवारी, रविवार

सापडला बाबांचा सिनेमा. मी महिनाभर ह्याला त्याला विचारत होते आणि मानसीने चहा पिता पिता शोधून दिला. एका ॲपवर आहे. खाली दोन बटणं, एक भाड्याचं, एक विकतचं. कन्यारत्न म्हणालं, "मम्मी, रेंट कर ना, एकदाच तर बघायचाय." मी विकतवर बोट ठेवलं. बाबांना भाड्याने कशाला आणू?

आई मागच्या महिन्यात जे बोलली ते डोक्यातून जात नाही. वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मधेच म्हणाली, "तोंड दिसतं गो त्यांचं. आवाज नाय आटवत आता." आणि परत सोलायला लागली. मला तिथे बसवेना, उगाच उठून पाणी प्यायले.

बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. तेव्हा कोण रेकॉर्ड करत होतं? फक्त हा सिनेमा. मी पाचवीत असताना खाडीवर शूटिंग आलं, त्यांना बाबांची होडी आवडली, मग होडीबरोबर बाबाही. एकच वाक्य. हिरोला पलीकडे जायचंय आणि बाबा म्हणतात, "पानी भरतंय. होडी नाय जायाची."

ते वाक्य परत म्हणायला मुंबईला स्टुडिओत बोलावलं होतं. तिथला माणूस म्हणे, पानी नाही, पाणी म्हणा. बाबा दर होळीला सांगायचे, "मी म्हनलं, सायेब, आमच्या खाडीत पानीच हाय." शेवटी त्याने हात टेकले आणि पानीच ठेवलं.

आईचा उजवा कान गेलाच. डावाही किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून घाई.

६ जाने., मंगळ.

बघितला. भात लागला खाली, लागू दे.

किती स्वच्छ केलाय सिनेमा. बाबांच्या हनुवटीवरची खूण दिसते. सदऱ्याला बटणाच्या जागी सेफ्टी पिन, ती पण. लहानपणी टीव्हीवर बघितला तेव्हा नुसता काळा ठिपका होता होडीत. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

मग त्यांनी तोंड उघडलं. "पाणी भरतंय. होडी जाणार नाही."

कोण हा? बातम्या देणाऱ्यासारखा आवाज. ओठ बाबांचे आणि आवाज कुणा भलत्याचाच. मागे घेऊन परत लावलं, परत तेच. बाहेर येऊन फोन गादीवर आपटला. हे विचारायला आले, काय झालं. म्हटलं, काही नाही, भात लागला.

तीस वर्षांनी त्या स्टुडिओवाल्याने आपलं खरं केलं.

८ जाने.

मानसी म्हणते सुरुवातीलाच पाटी आहे, आवाज नव्याने केलाय. जुन्या रिळाचा आवाज काही ठिकाणी खराब असेल. हिरोचा तोच ठेवलाय. छोट्या भूमिकांचे बदलले.

ॲपवाल्यांना लिहिलं. जुना आवाज द्या, मी विकत घेतलाय. उत्तर आलं गोड गोड. आमच्याकडे जी आवृत्ती आहे ती तुम्हाला बघता येते. बघता येते म्हणजे? मी घेतलं ते काय मग?

"मम्मी, बाय म्हणजे तसं बाय नसतं गं. ते ठेवतील तोपर्यंत तू बघू शकते, बस."

बरं, निदान चेहरा तरी ठेवू म्हणून स्क्रीनचा फोटो काढायला लावला. काळा आला. तीनदा काळा. मानसी म्हणे ते काढूच देत नाहीत. शेवटी तिच्या फोनवर सिनेमा थांबवून माझ्या फोनने फोटो काढला. त्यात बाबांच्या कपाळावर माझी ट्यूबलाइट.

दिवसभर ऑफिसात दोन पार्सलांची बिलं उलटसुलट लावली. लक्ष नाही.

संध्याकाळी एकदम आठवलं. भावाकडे, महेशकडे, ह्या सिनेमाची सीडी होती. त्याला पहिला पगार झाला तेव्हा आणलेली. त्यात जुनाच आवाज असणार.

११ जाने., रविवार

माहेरी. महेशने शोकेसखालचा कप्पा उपसला. कव्हर मिळालं, उंदराने कोपरा खाल्लेलं. आत एकच सीडी. तेव्हा एका सिनेमाच्या दोन सीड्या यायच्या, मध्यंतरापर्यंत एक आणि पुढची दुसरी. बाबा दुसऱ्या सीडीत. मिळाली ती पहिली.

सुजाता, महेशची बायको, दारातूनच म्हणाली, "ताई, सुट्या होत्या त्या वाडीत टांगल्या ना मी."

सगळं मोबाईलवर आलंय, प्लेअर भंगारात गेला, मग सीड्यांचं करायचं काय? मेथी-पालकाच्या वाफ्यांवर बांबूंना दोऱ्या बांधून लटकवल्या. चमकतात, त्यामुळे साळुंक्या येत नाहीत. तिचंही चुकलं असं कसं म्हणू? तरी तोंडातून निघालंच, "निदान विचारायचंस तरी." ती आत गेली. मग मलाच वाईट वाटलं.

वाफ्यांत जाऊन बघितलं तर सगळ्या सारख्या. छापलेली बाजू उन्हाने पांढरी पडलेली. भजनं कुठली, सिनेमा कुठला, काही कळेना. सगळ्या उतरवल्या, पिशवीत भरल्या. सुजाता म्हणाली, "आता पाखरं बसतील त्याचं काय?" म्हटलं, जुनी साडी फाडून लाव.

महेश ओट्यावर बसून हळूच म्हणतो, "ताई, मोबाईलवरचंच दाखव ना तिला. तिला कुठं कळतंय आता." मला राग आला, पण मोहही झाला. दाखवलं.

आईने फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला. "अगो, पिन मीच लावलीवती." बोटाने स्क्रीन पुसली, जसं बाबांचं तोंड पुसतेय. मग ते वाक्य आलं. आईने फोन डाव्या कानाला लावला, परत लावायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"ह्यो कोन बोलतंय?"

महेश उठून वाडीत निघून गेला.

१४ जाने., संक्रांत

सीड्या आहेत, लावायच्या कशात? मानसीच्या लॅपटॉपला फटच नाही. मनवेलपाड्यात दोन दुकानं फिरले. एक जण हसला. दुसऱ्याने तिळगूळ दिला आणि म्हणाला, "काकी, हा माल आता आमच्याकडे नाय येत."

मानसीने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवलाय. मला धीर नाही. ऑफिसात कोपऱ्यात जुना कम्प्युटर धूळ खात पडलाय, त्याला आहे सीडीची खाच. उद्या बघते.

१६ जाने., शुक्र.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत हाच उद्योग. पिशवीतून एकेक काढायची, ओढणीने पुसायची, घालायची. सुजाताच्या बहिणीची हळद. इंग्रजी बोलायला शिका. भजनं, भजनं, परत भजनं. बऱ्याच मेल्यात, खरखर करून थांबतात. ऑफिसातले आता मला चिडवतात, "मॅडम, आज कुठला पिक्चर?"

मॅडमने आज डबा उघडलाच नाही. एका सीडीत हिरोईन दिसली, खाडीचा बांध दिसला. तीच. दुसरी.

वरच्या बाजूला दोरीने घासलंय, चंदेरी पापुद्रा एका कडेने सुटतोय. चित्र चौकोनाचौकोनांत फुटत होतं. होडी आली. आणि आवाज आला, "पानी भरतंय. हो"

अडकलं.

पण त्यांचाच. खर्जातला, तंबाखूवाला. बाजूच्या टेबलावरचा म्हणाला, काय झालं मॅडम. मी म्हटलं, माझे बाबा.

परत लावली. ह्या वेळी "पानी भरतं" पर्यंतच. तिसऱ्यांदा लावायला हात गेला होता, मागे घेतला. दर वेळी थोडं कमी होतंय. मूर्ख मी, फोनवर रेकॉर्ड तरी करायचं पहिल्यांदाच. सुचलंच नाही.

१८ जाने., रविवार

नवा ड्राइव्ह आला. मानसीने दुसरी सीडी घातली. तो ओळखतच नाही. सांगतो, काही नाही आत.

हे म्हणाले टूथपेस्ट चोळ, आम्ही हॉस्टेलवर चोळायचो. महेशचा फोन, केळं चोळ. सगळे डॉक्टर झाले. मानसीने वाचून सांगितलं की खालचे चरे असते तर ठीक, वरचा पापुद्रा गेला तर ते पुसलंच गेलं. अजिबात हात लावायचा नाही. जुन्या साडीच्या मऊ तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. तासाभरात तीनदा कपाट उघडलं. गरम नाही ना होत? दमट नाही ना?

आता एक किंवा दोनदा चालेल फार तर. मी ऐकायचं की रेकॉर्ड करायचं की आईला ऐकवायचं? मानसी म्हणे, "पहिले रेकॉर्ड कर, मग आजीला कितीदा पण ऐकव." बरोबर आहे तिचं. पण रेकॉर्ड करताना संपली तर आईला परत फोनच कानाला लावायला देऊ? एकदा दिलाय, त्यात दुसराच निघाला. तिने विश्वास का ठेवावा?

नाही. आईसमोरच लावायची.

२१ जाने., बुध.

साहेबांना विचारलं, तो जुना कम्प्युटर रविवारपुरता घरी नेऊ का. म्हणाले, "परत आणू नका म्हणजे झालं."

आईला फोन केला. काही ऐकू गेलं नाही तिला. सुजाताने मधे बोलून सांगितलं. आईचा निरोप आला, येताना पापड आण.

जीव टांगणीला लागलाय. रात्री कणीक मळली आणि पोळ्या करायच्या विसरले.

२५ जाने., रविवार

कम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन गेले. मानसीच्या मांडीवर सीडी. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे. "मम्मी, ठीक आहे ती. तू रिलॅक्स हो ना."

महेशने टीव्हीला जोडला, दोन स्पीकर आईच्या खुर्चीजवळ ठेवले. सुजाताने तिच्या डाव्या कानात ऐकायचं मशीन घातलं. आई कुरकुरली, "शिट्टी वाजली तर काडून टाकीन." मी तिच्यासमोर बसून मोठ्याने सांगितलं, बाबा बोलतील आता. ह्या वेळी तेच. तिने पदर सारखा केला.

मानसीने फोन रेकॉर्डवर लावला. मी सीडी आत ढकलली. बराच वेळ नुसती घरघर. मला वाटलं संपलं. मग खाडी आली, निम्मी हिरवी निम्मी करडी. होडी तुकड्यांत. बाबांचं अर्धं तोंड, हनुवटीच नाही.

"पानी भर"

अडकलं. आपणच मागे गेलं.

"पानी भर"

"पानी"

आणि पुढे नुसती घरघर, बाबांचं अर्धं तोंड तसंच पडद्यावर. महेश उठला कम्प्युटरला थापटायला. मी त्याचा हात धरला.

तेव्हा आई बोलली. मान वर करून, छातीतून, जाड आवाजात. "होडी नाय जायाऽची."

जायाऽची. बाबा ते असं ओढायचे. मी विसरले होते. इतके दिवस आईला त्यांचा आवाज आठवत नाही म्हणून मी जिवाचं रान करतेय, आणि ते ओढणं मलाच आठवत नव्हतं. महेशने तोंड फिरवलं. सुजाता दाराला धरून उभी होती, तिने बाबांना पाहिलंही नाही, तीही रडत होती.

आई म्हणाली, "चाय टाक गो सुजाता. पापड आनलेस ना?"

सीडी परत लावून बघितली. आता तो कम्प्युटरही म्हणतो, आत काही नाही.

निघताना आईच्या कानातलं मशीन मी काढलं. त्याचं बटण बंद होतं. सुजाता म्हणते, तिने घालताना चालू केलं होतं, नक्की. मग आईने केलं असेल, शिट्टी नको म्हणून. कधी? आधी की नंतर? तिच्या डाव्या कानाशी जाऊन विचारलं, "आई, आयकलंस ना?"

"काय?"

"बाबांचा आवाज."

"मंग," म्हणाली, "त्यांचाच होता ना." आणि पापडाचा तुकडा तोंडात टाकला.

२६ जाने., सोम.

सुट्टी, पण बसवत नाही. सकाळपासून कपाटं आवरतेय.

सुजाताचा फोन आला. साडीच्या चिंध्यांना साळुंक्या घाबरत नाहीत, मेथी खातायत. उरलेल्या सीड्या पाठवा. पाठवते म्हटलं. सगळ्या, ती एक सोडून.

मानसीच्या फोनवर आलंय सगळं. घरघर, पानी, पानी, आणि मग आई. मी अजून ऐकलं नाही. मानसी म्हणे क्लाउडवर टाकते, मग कुठे जाणार नाही. मी म्हटलं, कुणाच्या क्लाउडवर? ते उद्या आवाज स्वच्छ करून देतील. तू मला सीडीवर उतरवून दे. तर हसायला लागली, "मम्मी, आणि लावशील कशात?" दोन्हीकडे ठेवू म्हटलं, आणि ह्यांच्या फोनवर, आणि महेशच्या. तरी समाधान नाही.

मग तिने विचारलं, "फाईलला नाव काय देऊ? आजोबा की आजी?"

थांब म्हटलं. संध्याकाळ झाली, ती अजून दोनदा विचारून गेली. तिचा फोन चार्जिंगला लावलाय आणि मी सारखी जाऊन बघतेय.