गळक्या नळांचे कुंड आणि माझा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय पन्नाशी ओलांडलेले, धंदा नळ बनवण्याचा, शिक्षण संस्कृतचे (दोहोंचा संबंध विचारू नये, वडिलांनीही विचारला नव्हता), हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वहस्ते आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या भावाचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही. येत्या आठवड्यात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, आणि असे म्हणताना ते खिडकीबाहेर पाहतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वर्षभरापूर्वी केले असते तर सगळे धाकट्याला देऊन एका ओळीत मोकळी झाले असते.

घराविषयी. कारखान्यामागच्या घराचा वरचा मजला, त्यातील सामानासह, धाकट्याच्या बायकोला द्यावा. नाव तिचे एकटीचे लागावे. या घरात खोटे न बोलता गोड बोलता येणारी ती एकमेव व्यक्ती आहे. बैठकीच्या खोलीतले जांभळे पडदे तिने माझ्या आजारपणात परस्पर लावले. त्याबद्दल मी तिला क्षमा करते, कारण आता ते तिलाच रोज पाहावे लागतील.

पुस्तके कोपऱ्यावरच्या वाचनालयाला. अट इतकीच की ती कुलूपबंद कपाटात ठेवू नयेत. शब्दकोशाची पाने वाळवीने नव्हे, माणसांनी खराब करावीत.

आत्याच्या मुलाला, ज्याला सगळा कारखाना 'परत करतो' या नावाने ओळखतो, माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. त्याने आजवर नेलेले ड्रिल मशीन, लांब शिडी आणि पाहुण्यांची गादी ही आता त्याचीच समजावी. यापुढे रस्त्यात आमचे कोणी दिसले तर त्याने पलीकडच्या फुटपाथवर जाण्याचे कष्ट घेऊ नयेत.

बँकेतील शिल्लक माझ्या औषधोपचारांनंतर उरली तर धाकट्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी. ती काय शिकेल ते तिचे तिने ठरवावे. संस्कृत शिकली तर नळांचा धंदा आहेच.

आता कुंडाविषयी. वकीलबाईंचे म्हणणे असे की पत्र्याच्या जुन्या कुंडाला मृत्युपत्रात स्वतंत्र कलम लागत नाही, ते 'इतर जंगम वस्तू' या सदरात जाते. मी त्यांना म्हटले, बाई, हे कुंड समजल्याशिवाय पुढचे एकही कलम समजणार नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे परवानगी दिली.

जोडणीच्या खोलीत मधोमध, छातीच्या उंचीच्या पाइपाखाली हे लांबट कुंड होते. गिऱ्हाइकाकडून परत आलेला गळका नळ दर शनिवारी त्या पाइपावर चढवायचा आणि पाणी सोडायचे. सगळ्यांनी भोवती उभे राहायचे. ज्याच्या हातून तो नळ बिघडला असेल त्याने पुढे होऊन म्हणायचे, "हा माझा." मग काय केले, का केले आणि पुढच्या वेळी काय करणार हे सांगायचे, आणि तोवर नळ गळत राहायचा. 'हा माझा' म्हणणाऱ्याला शिक्षा नाही, हा वडिलांचा नियम. मालकालाही सूट नाही, हाही त्यांचाच. त्यात माझी भर एवढीच, की स्वतःची बाजू मांडण्याआधी गिऱ्हाइकाची बाजू त्याच्याहून जोरात मांडायची. शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. मिस्त्री त्याला 'आधी स्वतःला शिव्या' म्हणतात. भाषांतर ठीक आहे. एका शनिवारी वडील स्वतः पाइपापाशी उभे होते, कारण स्वस्त पितळ त्यांनी आणले होते. मालक कान धरून उभा आहे आणि कामगार त्याला शांतपणे प्रश्न विचारत आहेत, हे मी शाळेचे दप्तर पाठीवर असताना पाहिले. धाकट्यानेही पाहिले. तो माझ्याच शेजारी उभा होता.

मी आजारी पडले आणि काही महिने कारखान्यात उतरले नाही. त्या काळात धाकटा एका शिबिराला गेला. हॉटेल होते, गालिचा होता, आणि व्यासपीठावर एक गृहस्थ होते ज्यांना आमची माणसे पुढे उन्नतीगुरू म्हणू लागली. बुद्धी ठरीव नसते, ती वाढते. चुकीतून माणूस शिकतो. पुढारी शिकला तर चमू शिकतो, असा त्यांचा उपदेश. यातला एकही शब्द चुकीचा नाही, हीच माझी तक्रार आहे. चुकीचा असता तर खोडता आला असता.

धाकट्याने गुरूंना कारखान्यात आणले. त्यांनी सगळ्यांना गोल बसवले आणि मिस्त्रींना विचारले, तुम्हाला काय येत नाही? मिस्त्री म्हणाले, गाणे. गुरू म्हणाले, 'येत नाही' म्हणू नका, 'अजून येत नाही' म्हणा. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुम्ही अजून ऐकलं नाहीये, म्हणून असं म्हणताय." तरी त्यांना गायला लावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत, असे भावजय सांगते.

त्यानंतर भिंत आली. जोडणीच्या खोलीची एक भिंत पोपटी रंगवून तिला 'वाढीची भिंत' म्हटले गेले. प्रत्येकाने आपण काय शिकलो ते चिठ्ठीवर लिहून तिथे डकवायचे, आणि जास्त चिठ्ठ्या असणाऱ्याला तारा मिळायचा. माणसे मूर्ख नसतात. 'मी फार मन लावून काम करतो, थोडी विश्रांती घ्यायला शिकलो', 'मी सहकाऱ्यांवर अति प्रेम करतो' अशा चुकांनी भिंत भरून गेली. हिशेबनिसाने एकाच बैठकीत आठवडाभराच्या चुका लिहून ठेवल्या होत्या, अजून केलेल्या नसलेल्यासुद्धा. खऱ्या गळक्या नळांना त्या भिंतीवर जागा नव्हती, कारण त्यांनी पाहुण्यांवर वाईट छाप पडते. पाइप कापला गेला. आणि कुंडात, वाढीचे प्रतीक म्हणून, धाकट्याने प्लॅस्टिकची झाडे लावली.

मी काठी टेकत परत आले तेव्हा पहिले दर्शन त्या झाडांचे झाले. पानांवर धूळ बसली होती.  

पुढचे थोडक्यात लिहिते, कारण लिहितानाही किळस येते. धाकट्याने नव्या नळात पितळेऐवजी प्लॅस्टिकचा आतला भाग घेतला. निर्णय त्याचा. आमच्या तपासणीबाईंनी सांगितले की नळाचा आटा, म्हणजे पेच, जरा घट्ट बसला की हा भाग तडकतो. बाई शिकलेल्या आहेत, बोलायला तिखट आहेत, आणि वरिष्ठांचा मान राखण्याचा त्यांना मनापासून कंटाळा आहे. धाकट्याने भर बैठकीत त्यांना सांगितले की तुमची मनोवृत्ती गोठलेली आहे, तुम्हाला नवे नको असते. आणि त्यांची बदली खोकी भरण्याच्या विभागात केली, विकासासाठी.

नळ तडकलाच. कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या दुकानात पाणी साचले आणि गिऱ्हाइकांचे तयार कपडे भिजून एकमेकांचे रंग प्याले. त्या ओले गाठोडे आणि तडकलेला नळ घेऊन आमच्या दारात आल्या. धाकट्याने त्यांना बसवले, पाणी दिले, नवे नळ देऊ केले, कपड्यांची भरपाईही कबूल केली. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. मग त्याने छायाचित्रकाराला बोलावले. नळ हातात धरून त्याचा फोटो निघाला आणि पोपटी भिंतीवर लागला: 'आमच्या चमूचा सर्वांत मोठा धडा.' शिवणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "धडा तुम्हाला मिळाला. मला काय मिळालं?"

 दुसऱ्या दिवशी जोडणीवाल्याला, ज्याने सांगितले तसाच आटा बसवला होता, 'आत्मपरीक्षणाची संधी' म्हणून आठवडाभर घरी बसवण्यात आले. बिनपगारी. कुंडापाशी कोणाला कधी शिक्षा झाली नव्हती. भिंतीपाशी झाली, आणि जो चुकला नव्हता त्याला झाली. ते समजताच मी त्याला परत बोलावले आणि पगार दिला. तो कामावर येतो. खाली मान घालून येतो. तपासणीबाईंनाही मी परत त्यांच्या जागी आणले. त्या मात्र मान वर करून आल्या.

सबब उन्नतीगुरूंना मी पोपटी भिंतीवरच्या सर्व चिठ्ठ्या, चिकटपट्टीसह, देऊ करते. प्लॅस्टिकची झाडेही न्यावीत. त्यांना पाणी लागत नाही.

वडिलांचे नळ आवळायचे पाने आणि आटे पाडण्याची हत्यारे जोडणीवाल्याला.

आता माझा हिस्सा. कारखान्यात निम्म्याहून अधिक हिस्सा माझा आहे, म्हणजे शेवटचा शब्द माझा. तो धाकट्याला मिळावा, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर महिना उलटण्याच्या आत, एखाद्या शनिवारी, पाइप पुन्हा बसवून आणि कुंड रिकामे करून, तो तडकलेला नळ धाकट्याने स्वतः वर चढवावा. सगळे कामगार भोवती असावेत. शिवणाऱ्या बाईंची बाजू आधी मांडावी. मग म्हणावे, "हा माझा." भाषण करू नये, फोटो काढू नये. अट पुरी झाली की नाही हे जोडणीवाला ठरवील, आणि त्याच्या निर्णयावर दाद मागता येणार नाही. अट पुरी न झाल्यास माझा संपूर्ण हिस्सा कामगारांच्या विश्वस्त निधीकडे जावा आणि त्याच्या प्रमुख तपासणीबाई असाव्यात. हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, मला तुमची खुर्ची नको, पाइप तेवढा सोमवारी बसवून घेते. पाइप बसला आहे.

हे कलम धाकट्यापासून लपवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून काल जेवणानंतर त्याला वाचून दाखवले. तडकलेला नळ टेबलावर ठेवला होता. बराच वेळ तो नळ फिरवत बसला. मग म्हणाला की मी माझ्या सगळ्या माणसांसमोर लहान होईन, उद्या माझे कोण ऐकेल? मी विचारले, वडिलांचे ऐकायचे लोक थांबले होते का?  भावजय ताटे उचलता उचलता थांबून उभी राहिली.

शेवटी तो म्हणाला, "ताई, हा माझा. झालं? माझाच आहे. मला तेव्हाही माहीत होतं."

मी म्हटले, "मग शनिवारी म्हण."

"तू असशील तर म्हणतो. तू समोर उभी राहा, मी म्हणतो. तू नसलीस तर कुणासमोर म्हणू?"

"त्यांच्यासमोर. नळ त्यांनी बनवलाय."

 नळ टेबलावरच ठेवून तो खाली गेला. भावजय मला म्हणाली, ताई, बोलला ना तो, आता तरी ते कलम काढा.

रात्रभर विचार केला. माझा भाऊ दुष्ट नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपते. त्याचे कालचे बोलणे खरे होते आणि ऐकून मला रडू आले, हेही नमूद करते. परंतु माझ्यासमोर कबुली देणे म्हणजे मोठ्या बहिणीला घाबरणे. ते त्याला लहानपणापासून येते, त्यात नवे काही शिकलेला नाही. जोडणीवाल्यासमोर उभे राहणे त्याला येत नाही. तिथे मी नसतानाच तो उभा राहू शकला तर कारखाना त्याचा, आणि मग त्याच्याइतका लायक मालक दुसरा नाही. सबब वरील कलम मी पुन्हा एकदा वाचले आहे आणि एकही अक्षर न बदलता कायम ठेवले आहे. शस्त्रक्रियेतून मी उठले, तर तो ज्या शनिवारी नळ वर चढवील त्या शनिवारी मी कारखान्यात जाणार नाही. वरच्या मजल्यावर खिडकी लावून बसेन.

वरील मजकूर वाचून, समजून, कोणाच्याही दडपणाखाली न येता सही केली आहे. भावजयीने दोनदा चहा दिला, तो दडपण समजू नये.

सही: (कारखान्यातली ताई)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही व ज्यांनी मला सही करताना समक्ष पाहिले:
एक: शेजारच्या छापखान्याच्या मालकीणबाई. सही.
दोन: समोरचे दातांचे डॉक्टर. सही. (अक्षर वाचता येत नाही, माणूस खात्रीचा आहे.)

ठिकाण: कारखान्यामागचे घर, वरचा मजला, जेवणाचे टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार, सकाळ. सही करतेवेळी तडकलेला नळ टेबलावर नव्हता. तो पहाटे कोणी नेला हे मी विचारलेले नाही.