पेरूच्या खोक्यातला खालचा थर

मी, श्रीमती प्रयागबाई गेणू खलाटे, वय ७२, धंदा पेरू पिकवणे आणि विकणे, राहणार सांगवी, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने मला वजनात फसवून दाखवावे. शिक्षण सातवी, अक्षर माझेच. वकील दादासाहेब शेजारी बसले आहेत आणि दर दोन ओळींनी म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, "मग जरा सरकून जागा करा."

१. सांगवीचे राहते घर आणि माझ्या नावावरची वीस गुंठे पेरूची बाग माझा एकुलता मुलगा गोकुळ यास. बागेला पाणी द्यायला तो कधी चुकला नाही. राग असला तरी खरे ते लिहावे.

२. दीर संभाजीराव यांस माझी जुनी छत्री. गाळा घेण्याआधी अकरा वर्षे मी तिच्याखाली रस्त्याकडेला बसले. "वहिनीनं घराण्याची अब्रू रस्त्यावर मांडली," असे ते गावभर सांगत आणि जाताना पिशवीभर पेरू फुकट नेत. आता छत्रीही न्यावी.

३. पेरू अंगठ्याने दाबून, नासवून, न घेताच मोटारसायकलला किक मारणाऱ्यांना काहीही देत नाही.

४. एमआयडीसीच्या रस्त्यालगतचा गाळा व त्यातला वजनकाटा माझी सून छकुली हिला, एकटीला. गोकुळचा त्यावर काडीचाही हक्क राहणार नाही. कारण सगळ्यांना कळावे म्हणून लिहिते.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पंधरा दिवस गाळा गोकुळकडे होता. त्याने खोकी भरली ती वर मोठे पेरू लावून आणि खाली बारके, डागी दडवून. वर माझ्या नावाची चिठ्ठी. शाळेतल्या मंदाकिनीबाईंनी त्यातले एक खोके लेकीच्या सासरी नेले. परत आल्या त्या थेट माझ्या घरी. म्हणाल्या, "मावशी, विहीणबाईंनी वरचे सहा पेरू काढले, खाली पाहिलं आणि नुसत्या हसल्या. माझ्या श्रियाला तिथे राहायचंय हो." मला भुईने पोटात घ्यावे असे झाले. गाळ्याच्या बावीस वर्षांत माझ्या मालाने कोणाला मान खाली घालायला लावली नव्हती.

गोकुळला विचारले तर म्हणतो, "आये, समदं मार्केट असंच चालतंय. त्यात काय एवढं?"

काय एवढं! पेरू झाडावरून निघून तोंडात पडेपर्यंत चार हात फिरतो. गाडीवाला, अडत्या, व्यापारी, गाळेवाला. प्रत्येक जण आपल्यापुरते राबतो, मी नाकारत नाही. पण अडत्या आणि व्यापारी खोक्यात कोपरापर्यंत हात घालतात. खालचा थर बारका असणार हे धरूनच भाव सांगतात. खाणारा हात घालत नाही. तो विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून पिशवी पुढे करतो. त्याला फसवणे म्हणजे आंधळ्याच्या ताटातले ओढणे आहे.

छकुलीने मला न सांगता अकरा गिऱ्हाइकांची घरे शोधली, त्यांच्या दारात खोकी ओतून दाखवली आणि बदलून दिली. नवऱ्याने दोन दिवस अबोला धरला तरी थांबली नाही. म्हणून गाळा तिला. तिने बोलावले तर गोकुळने तिथे बसावे, नाही तर बसू नये.

५. हे कलम लिहू का नको, यात तीन दिवस गेले. दादासाहेब म्हणतात, याची गरज नाही. आहे.

गोकुळ लहान असताना मी एका हंगामात खालपासून वरपर्यंत एकसारखा माल मोठ्या बाजारात पाठवला. अडत्याने खोके उघडलेसुद्धा नाही. म्हणाला, "मावशी, खालचा थर आमाला ठाव हाय. भाव कापूनच लावलाय." खऱ्या मालालाही खोट्याचाच भाव. घरी येऊन मी चिडून उरलेली खोकी ओतली, पोराला समोर बसवले आणि दाखवले, "हे बघ, मोठं तोंडाला, बारकं बुडाला." पुढे मी स्वतः रस्त्याकडेला विकायला बसले, मग गाळा घेतला, रीत बदलली, चांगली म्हणवून घेतले. त्याला मात्र बदललेले कधी सांगितले नाही. आणि त्या दिवशी मंदाकिनीबाईंसमोर "हे कुठं शिकलास रं?" म्हणून त्याच्या थोबाडीत मारली. पोराने माझ्याकडे पाहिले. सगळे ठाऊक असून त्याने माझे नाव घेतले नाही.

जिवंतपणी हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून मृत्युपत्र वाचताना हे कलम संभाजीरावांसकट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. गोकुळ उठून गेला तर त्याला बोलावून आणावे आणि पुन्हा वाचावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खालच्या दोघींसमोर सही केली.

प्रयागबाई गेणू खलाटे

साक्षीदार:
१. मंदाकिनी वसंत देशपांडे, शिक्षिका, बारामती (सही)
२. गोजरबाई जगताप, भाजीविक्री, शेजारचा गाळा (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: बारामती
दिनांक: ९ जानेवारी २०२५