दाण्याला लागलेली माती

सर, तुम्हांला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज दुपारी डाळमिलमध्ये मोबाईलवर वाचता वाचता तुम्हांलाच हाक मारावीशी वाटली. तुमच्या त्या प्रश्नाचं थोडं उत्तर सापडलंय.

दहावीत मी एकाच्या कानाखाली वाजवली, तेव्हा तुम्ही मला मारलं नाही, उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात घेऊन गेलात. तिथं दोघं शेतकरी सांडलेल्या तुरीवरून भांडत होते. "माझ्या पोत्यातली हाय!" "हाव, दाण्यावर नाव लिवलंय जणू तुझं!" तुम्ही वाकता, मूठभर तूर तळहातावर चोळता. हात मातीनं लाल होतो. एकाचं रान लाल, दुसऱ्याचं काळं. भांडण तिथंच मिटलं. "लई तापतोस तू," टपरीवर बसताना तुम्ही म्हणालात, "पण ताप कुठनं आला ते कधी बघतोस का?" मग चहाचा कप म्हणजे पृथ्वी, असं धरून तुम्ही सांगू लागलात. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा येतो, पृथ्वीचं चुंबकीय कवच तो अडवतं, आणि कवचाच्या पुढंच मधूनच भलत्या वेगाच्या कणांचा लोंढा उसळतो. मी लगेच म्हणालो, "सूर्यानंच फेकले असतील." तुम्ही हसलात. "बाहेरचाच आधी दिसतो रे. आतनं गळले असतील तर?"

तर सर, कण कुठले ते ओळखायला शास्त्रज्ञ त्यांतला ऑक्सिजन बघतात! सूर्याकडून आलेला पार सोललेला, बहुतेक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला. आपल्या हवेतनं वर गेलेल्याचा एखादाच इलेक्ट्रॉन गेलेला. आणि लोंढ्यांत हा घरचाही सापडतो. काही लोंढे वारा आदळतो त्या उंबरठ्यावरच तापतात म्हणे, पण काही आतलेच, निसटलेले. कुठला किती, यावर अजून वाद चालू आहे. मला ते वाचून जेवण सुचलं नाही.

उद्या ती उदगीरला येते आहे. विष्णुपुरीच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिनं नाही म्हटलं आणि मी दुसऱ्या वर्षातच बॅग भरली. फोनवर म्हणाली, "कॉलेज का सोडलंस, एवढंच सांग. तुझ्या रागाला माझं नाव लावलंस तर पुन्हा बोलणार नाही." माझं उत्तर तर पाठ होतं: तुझ्यामुळं. दुपारपासून तेच तळहातावर चोळून बघतोय. माती तिच्या रानातली नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, सर? तिला काय सांगायचं ते आता कळलंय. पण खरं सांगू? ती आली, की आधी मी ऑक्सिजनचंच सांगणार आहे.