मार्कंड्यावर ताईच्या जागी

जेलरोड, नाशिक रोड
१० डिसेंबर २०२४

चि. सौ. हर्षाली हिस अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू रडतेस. म्हणून पत्र.

दिनेशच्या स्टेटसवर रविवारचा फोटो पाहिला. मार्कंड्याचा माथा, मागे सप्तशृंगीचा गड, आणि पुढे तुम्ही दोघं. तुझ्या डोक्यावर माझी टोपी. तुला ती चांगली दिसते, हे लिहिताना जिवावर येतंय.

मार्गशीर्षातला पहिला रविवार हा माझा आणि दिनेशचा, आम्हा बहीणभावांचा, हे तुला ठाऊक आहे. अठरा वर्षांत एकही चुकला नाही. मुळाणबारीच्या खिंडीपर्यंत गाडी, तिथून पायी, दुपारी वर जेवण, दिवेलागणीला परत. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाल्यावर मला वाट बघण्यासारखा वर्षातला तेवढाच दिवस उरलाय. मला काही संसार नाही.

यंदा गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर चढू नका म्हणाले. मी दिनेशला म्हटलं, तुम्ही दोघं जाऊन या. माणूस असं म्हणतोच. समोरच्याने म्हणायचं असतं की ताई, तुझ्याशिवाय कसलं जाणं, पुढच्या महिन्यात बघू. आणि हा पठ्ठ्या खरंच गेला. भावाची माया बायको येईपर्यंत, असं आई म्हणायची ते खोटं नाही.

संक्रांतीला मी येणार नाही. तिळगूळ कुरियरने पाठवीन. मुलांना पापे. लोभ असावा.

तुझी नणंद,
ज्योत्स्ना


कळवण
१६ डिसेंबर २०२४

ती. ताईंना शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ह्यांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर रात्रीच गाडी काढून नाशिक रोडला निघाले असते, आणि मला जे सांगायचंय ते राहून गेलं असतं.

तुम्ही जाऊन या म्हणालात तेव्हा फोन स्पीकरवर होता. मी कणीक मळत होते. तुमच्या मनात नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. ह्यांना कळलं नाही, पुरुषांना असलं कळत नाही. मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. उलट लगेच डब्याचं काय करायचं ते विचारलं.

ताई, आमच्या गच्चीवर वाळवण घालताना मार्कंड्या रोज समोर असतो. अठरा वर्षं त्या रविवारी मी पहाटे उठून तुम्हा दोघांच्या भाकरी थापल्या, ठेचा बांधून दिला आणि कांद्याच्या वावरात निंदायला गेले. संध्याकाळी तुम्ही उन्हाने लाल होऊन हसत यायचात, आणि ती गंमत मला कळायची नाही. मला एकदा बघायचं होतं. टोपी खुंटीला होती, ती मीच घातली, मुद्दाम.

पण चैन पडलं नाही. ताई इथे दम खाते, ताई इथे लिंबू चोखते, ताईला इथून धोडपचा किल्ला दाखवावा लागतो, असं ह्यांचं वाटभर चाललं होतं. वर डबा सोडला तर पहिली भाकरी ह्यांनी सवयीने तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली. मग ध्यानात आलं तशी दुसरी माझ्या हातावर ठेवली. त्या भाकरीकडे बघून मी तुमच्यावर जेवढी जळले तेवढी कधी जळले नव्हते. नवरा शेजारी बसलेला, आणि मी आपली परक्याच्या पाटावर बसल्यासारखी.

चूक माझी आहे. राग माझ्यावर काढा, ह्यांच्यावर नको. संक्रांतीला या.

तुमची,
हर्षाली


नाशिक रोड
२१ डिसेंबर २०२४

चि. सौ. हर्षालीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खरं सांगते, भाकरीचं वाचून आधी मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मग जेवायला बसले तर त्या भाकरीकडे बघत बसलेली तू डोळ्यांपुढे आलीस.

तुला उत्तर म्हणून लिहिणार होते की इतक्या वर्षांत हर्षालीला बरोबर न्यावं हे मला कधी सुचलंच नाही. अर्धं पत्र तसं लिहिलंही होतं. ते फाडलं. मला सुचलं होतं. पहिल्याच वर्षी सुचलं. तू नवी नवरी, दारात डबा घेऊन उभी होतीस, पायात चपला घालून. दिनेश तुला विचारायला वळला, तेव्हा उशीर होतोय म्हणून मीच त्याला गाडीत बसवलं. उशीर होत नव्हता.

संक्रांतीला येते. दिनेशला यातलं काय सांगायचं ते तूच ठरव.

आजवर प्रत्येक पत्रात लोभ हक्काने मागितला. या खेपेला तो हक्क वाटत नाही, तरी ठेवशील तर ठेव.

तुझी,
ज्योत्स्नाताई