सोडलेला चहा

२ जानेवारी १९९१, ताइफ

आजही तोच थाट! चार वाजले की खालच्या दिवाणखान्यात झुंबरं लागतात. पांढरे हातमोजे घातलेले वेटर. तीन मजली ताटली – खाली काकडीची सँडविचेस, मध्ये स्कोन, वर केक. एकेकाळी राजघराण्यातली माणसं उन्हाळ्यात इथे राहायला यायची म्हणे. आता आम्ही आहोत, आणि कुवेतहून पळून आलेल्या बायका. केककडे कुणाचं लक्ष नाही, सगळ्यांचे कान रेडिओकडे.

शेखने, म्हणजे ह्यांच्या कफीलने, ज्याच्या हमीवर ह्यांची इथली नोकरी, सगळ्या इंजिनिअरांची बायकामुलं इथे आणून ठेवलीत. हॉटेल त्याच्याच घरचं. "ताइफ तक मिसाइल नहीं आता, मॅडम!" आणि हे? हे खफजीत! कुवेतच्या हद्दीला खेटून, समुद्रातल्या तेलविहिरींचे पंप सांभाळत. पासपोर्ट शेखच्या तिजोरीत. त्याच्या पत्राशिवाय गाव सोडता येत नाही. इथे मी स्कोनला लोणी लावत बसलेय.

४ जानेवारी

चहा सोडला. कॉफीसुद्धा. हे सुखरूप दारात उभे राहीपर्यंत एक थेंब नाही. गणपतीला सांगून टाकलं. मी! सकाळी दोन कप झाल्याशिवाय जी माणसात येत नाही!

६ जानेवारी

डोकं ठणकतंय. शेजारच्या खोलीतली मंजिरी म्हणाली, "अलकाताई, निदान साबुदाणा तरी सोडायचा होतात, तो इथे मिळतच नाही!" हसले. नाशिकची आहे, जिभेला हाड नाही, पण माझ्या पायाला पेटके आले तेव्हा हीच तेल लावत बसली होती.

तिचं बरं आहे. तिचा विजयकुमारही खफजीचाच, पण त्याची पाळी संपली आणि तो रजेवर इथे आलाय. रोज चहाला लेकीला, क्षितिजाला, मांडीवर घेऊन बसतो. पोरगी त्याला केक भरवते. मी दुसरीकडे बघते. हेवा वाटतो, सरळ लिहिते.

८ जानेवारी

ह्यांचा फोन! दीड मिनिट. "सगळं ठीक आहे." आवाज ठीक नव्हता. तिथे आता मोजकीच माणसं उरलीत. सुटीचं विचारलं. "शेख म्हणतो, आता एकालाही सोडता येणार नाही." मग लाइन गेली. मी रिसीव्हर हातात धरून वेड्यासारखी हॅलो हॅलो करत राहिले.

१० जानेवारी

कुवेत सोडायला पंधरा तारखेची मुदत. सद्दाम हटत नाही म्हणे. बाकी काही लिहवत नाही.

१२ जानेवारी

आज काय होऊन बसलं, नीट लिहून ठेवते.

शेखला नातू झाला, म्हणून त्याच्या आईने आज बायकांना मेजवानी दिली. पुरुष एकही नाही. बुरके उतरले आणि आत काय रेशीम, काय सोनं! परातीएवढ्या ताटांत भात, त्यावर अख्खा बकरा. आम्हा शाकाहारींना वांग्याचं भरीत, डाळ, गुलाबाचा शिरा. मग सगळ्या गोल बसल्या. उम्म फहद, शेखची आई, ऐंशीच्या पुढची, हनुवटीवर गोंदलेलं. स्वतःच्या हाताने कॉफी ओतत आली. माझ्या हातात एवढीशी वाटी दिली.

आता काय करू? नको म्हणणं म्हणजे अपमान. प्यायले तर नवस मोडला. मी वाटी घेतली आणि गुपचूप समोर ठेवून दिली. वाटलं, कोण बघतंय.

सगळ्यांनी बघितलं! बोलणं थांबलं. म्हातारी माझ्यापुढे येऊन बसली आणि अरबीत काहीतरी विचारलं. तिची हैदराबादी बाई, मुन्नी, कानाशी आली – "अम्मा पूछ रैं, क्या होना तुमकू? इनो लोगां में कुछ मांगना रैता तो फिंजान नीचे रख देते. अम्मा हां बोले तब्बीच पीते. मांगो!"

मी काही मागायला ठेवली नव्हती हो! सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "मेरा आदमी. खफजी में है. जगदीश. उसको छुड़ाओ."

मुन्नीने सांगितलं. म्हातारीने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "अब्शिरी," म्हणाली. मुन्नी म्हणाली, "हो गया समझो. अब पी लो."

तरी प्यायले नाही. मुन्नीकरवी नवसाचं सांगितलं. म्हातारी खदखदून हसली आणि माझी वाटी तिनेच पिऊन टाकली.

मंजिरीने खोलीत आल्यावर मला मिठी मारली. ती माझ्याहून जास्त रडली.

१३ जानेवारी

शेखच्या माणसाचा निरोप – जगदीशचं पत्र निघालं!! परवा तिथून निघतील. मी मॅनेजरच्या पाया पडायचीच बाकी होते, बिचारा लेबनानी घाबरला.

विजयकुमारला मात्र रियाधच्या ऑफिसात तातडीने बोलावलं. "दोन-तीन दिवसांचं काम आहे, वहिनी. हिच्याकडे लक्ष ठेवा." रजा अर्धी राहिली बिचाऱ्याची. क्षितिजा पायाला चिकटली होती, "पप्पा, डोंट गो!" तो तिच्याकडे न बघताच गाडीत बसला. पुरुषांना निरोप घेता येत नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. हॉटेलच्या खानसाम्याने भटारखान्याचा कोपरा दिला. गूळ कुठला इथे! बुरैदाचा खजूर वाटला, तीळ भाजले, पोळ्या लाटल्या. काळी साडी नेसून वर काळा अबाया, आज अगदी शास्त्राला धरून! मंजिरी पोळी हातात घेऊन बसून राहिली. विजयकुमारचा फोन नाही. म्हटलं, अगं सगळ्या लाइनी गच्च आहेत, ह्यांचा तरी कुठे आलाय?

१५ जानेवारी

मुदत आज संपते. हे निघाले का? कुठे असतील? वाळवंटातून बस. रात्री पडदे बंद, दिवे बंद. देवा, लवकर आण.

१६ जानेवारी

आले! सकाळी दारात उभे. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला, पण अख्खे! चहा मागवला, दोघांनी एकाच किटलीतून प्यायलो. इतका फुळकवणी चहा, आणि इतका गोड! हे फार बोलत नाहीत. थकलेत.

१७ जानेवारी

पहाटे लढाई सुरू झाली. नंतर बातमी – खफजीवर तोफा. तेलाच्या टाकीला आग.

मी म्हटलं, "सुटलात हो, थोडक्यात." हे भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "माझं काम विजयकुमारने घेतलं. एक सोडायचा तर एक हवा, असा शेखचा हुकूम होता. मंजिरीला रियाध सांगितलंय, तेच राहू द्या म्हणाला."

पहिला विचार काय आला, तो इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. बरं झालं, हे तिथे नव्हते.

दारावर मंजिरी आहे. "अलकाताई, एकटं बसवत नाहीये हो. खाली चला ना."

दार उघडायला हवं.