नऊशे-वीसचे टायर

कर्वेनगर, पुणे
१८ जून २०२४

चि. रामदास यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

सोबतच्या डबीत, तू बाबांच्या लॉरीची छोटी प्रतिकृती करतो आहेस तिच्या पुढच्या दिव्यांच्या दोन कड्या आहेत. कसब्यातल्या तांबटाकडून करून घेतल्या. मटारच्या दाण्याएवढं माप बघून तो आधी म्हणाला की बाई, आम्ही हंडे करतो, बाहुलीचे दागिने नाही. पण केल्या बिचाऱ्याने. बारीक स्क्रू नारायण पेठेतल्या घड्याळवाल्याकडचे. सगळ्यात लहान द्या म्हटलं, तर त्याने भिंगातून मानही वर न करता विचारलं की पडला तर शोधायला माणूसही आमच्याकडूनच नेणार का. बाबांच्या लॉरीपायी या वयात मी काय काय ऐकून घेते आहे ते बघ. टायर मात्र कुठे मिळाले नाहीत. वॉशर, बुचं, कुकरच्या रिंगा, सगळं पालथं घातलं.

आता आईचं. काचबिंदू वाढला आहे. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाजूने आलेली माणसं तिला आता आवाजावरूनच कळतात. शेजारच्या पूर्वालासुद्धा ती आधी बोल म्हणते आणि मग हसते.

तुझ्या ऑपरेशनचं तिला अजून सांगितलेलं नाही. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, एवढंच तिला माहीत. तुझी पत्रं वाचून दाखवते, त्यातलं दुखण्याचं गाळते. पण रामदास, तिला दिसतं आहे तोवर येऊन जा. आवाज नाही तर चेहरा तरी दिसू दे. नंतर तू समोर येऊन बसलास तरी तिला कसं कळणार?

द्वारकाला सांग, नवऱ्याच्या जेवणाची पेज गाळून घेत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


नाशिक
३ जुलै २०२४

ती. चंपाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कड्या पोचल्या. काम सुरेख आहे. एक अर्ध्या मिलिमीटरने मोठी होती, ती कानशीने घासून घेतली. तुझ्या तांबटाला सांगू नकोस, पुढचं काम करणार नाही.

स्वरयंत्र काढल्यापासून मी जास्त बोलका झालोय असं द्वारकाचं म्हणणं, कारण दिवसभर पाटीवर लिहीत असतो. काल चिडून इतकं लिहिलं की पाटी पुसायला तिलाच लावली.

टायरचं असं आहे. तयार किटमध्ये येतात ते विलायती ट्रकचे, रुंद. बाबांची लॉरी लांब नाकाची, चाकं बारीक, नऊशे-वीस मापाचे टायर. खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्यात ते सव्वाचार सेंटिमीटर उंच आणि एक सेंटिमीटरहून थोडे कमी रुंद व्हायला हवेत. जर्मनीतले एक आजोबा साच्यात रबर ओतून असे टायर करून देतात. त्यांच्याकडून मागवले आहेत. तुला वाटेल, कुठलेही चार काळे गोल लावले तर काय बिघडतं? पण मग ती नुसती लॉरी होते. तसल्या तुळशीबागेत मिळतात. आईला दाखवायची ती बाबांची हवी.

टायर आले की लॉरी घेऊनच येतो. तोवर आईला एवढं विचार की बॉनेटचा रंग कोणता होता. आपल्याकडचा फोटो काळा-पांढरा आहे.

आईला नमस्कार. तुझ्या रागावण्याचीही इकडे वाट पाहिली जाते, ते विसरू नकोस.

तुझा,
रामदास


कर्वेनगर, पुणे
२१ ऑगस्ट २०२४

चि. रामदास यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईला रंग विचारला. म्हणाली, रंग कसला, धूळच असायची. मग थोड्या वेळाने म्हणाली की धुळीखाली निळा होता, शाळेच्या शाईसारखा. तेव्हापासून ती रोज लॉरीबद्दल बोलते आहे. बाबा मंगळवार पेठेत वळले की ती आवाजावरून चहाचं आधण ठेवायची म्हणे. मला आठवतं ते वेगळंच. बाबा मला कॉन्व्हेंटला सोडायला यायचे तेव्हा लॉरी अलीकडच्या कोपऱ्यावरच थांबवायचे, फाटकात सिस्टर ॲग्नेस उभ्या असतात, मला संकोच वाटेल म्हणून. मला कधीच वाटला नाही रे. मला तर वाटायचं, थेट फाटकासमोर ब्रेक मारावा, हॉर्न वाजवावा आणि सगळ्या मुलींनी बघावं. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

परवा तिने माझ्या साडीचा रंग विचारला. तिनेच दिलेली साडी होती.

टायर नसतील तर नसू देत. बाबा पंक्चर काढताना लॉरी ठोकळ्यांवर चढवायचे, तशी ठेव आणि आण. नाहीतर लॉरीही राहू दे. आईने रोहनला, तो आपला दूधवाला, विचारलं की नाशिकची गाडी किती वाजता येते. त्याला काय माहीत? त्याने ठोकून दिलं, चार वाजता. रोज चारला ती वेणी घालून बसते.

ये. याहून जास्त काय लिहू?

तुझी,
ताई


नाशिक
१२ सप्टेंबर २०२४

ती. चंपाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. टायर आले, पण त्यांची नक्षी अलीकडची निघाली. बाबांच्या टायरवर सरळ लांब रेघा असायच्या. परत पाठवले आहेत. दुसरे दिवाळीच्या सुमाराला येतील.

तू म्हणशील, रामदास आता हद्द झाली. झाली, हे मलाही कळतं. पण खरं कारण नक्षी नाही, ताई. मी आरशात बघतो तेव्हा मलाच ओळख पटत नाही. गालफडं बसली आहेत, कपडे खुंटीला अडकवल्यासारखे लोंबतात, गळ्यातल्या भोकावर जाळीचा रुमाल. आई मला बघून पहिला प्रश्न विचारेल, आणि उत्तर मी देणार कशाने? पाटी तिला वाचता येणार नाही. हातात लॉरी असली तर ती आधी लॉरीकडे बघेल. तेवढा वेळ मला हवा आहे. आणि ती लॉरी चुकलेली असली तर ती लगेच मान वर करून माझ्याकडे बघेल.

म्हणून थांबलोय. रागाव हवं तर, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
रामदास


कर्वेनगर, पुणे
१३ ऑक्टोबर २०२४

चि. रामदास यास,
अनेक आशीर्वाद.

काल विजयादशमीला आईने नेहमीप्रमाणे बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायला घेतली. मी तिचा हात धरून लावली. वंदना म्हणायची सोडून तिने विचारलं, पेटली का ग?

पेटलेली होती रे.

आता टायर कसलेही असू देत.

ताई


नाशिक
२६ नोव्हेंबर २०२४

ती. चंपाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पुण्याहून सुखरूप परत पोचलो. तू बांधून दिलेली खीर द्वारकाने गाळून दिली.

आईसमोर तू किती परोपरीने सांगितलंस. हा रामदास, घशाचं मोठं ऑपरेशन झालं, आवाज गेला. पण इतके महिने नुसता घसा बसलाय म्हणत आल्यावर आपलं खरं बोलणंच तिला खोटं वाटलं. रामदास असता तर जिन्यातूनच ओरडला असता, मला फसवू नकोस, म्हणाली. माझा हात हातात घेतला आणि हा कुणा वाळक्या माणसाचा हात, माझा मुलगा चांगला भरलेला आहे म्हणून सोडून दिला. हे सगळं तुझ्यादेखत झालं. मग तू डोळे पुसत औषधं आणायला गेलीस. त्यानंतरचं तुला माहीत नाही. तिथे पाटीवर लिहून दाखवायचा धीर झाला नाही.

मी लॉरी तिच्या मांडीवर ठेवली. तिने बॉनेटवरून हात फिरवला, एकेक चाक फिरवून पाहिलं. म्हणाली, अहो, सुबक केली आहे हो तुम्ही. मग म्हणाली की आमच्या मुलालाही हाच नाद आहे, त्याला दाखवा, तो शंभर चुका काढील. मला हसू आलं. ताई, माझं हसू आता आवाज न होता गळ्यातून निघतं, नुसता वारा. तिने ते ऐकलं आणि विचारलं की दमा आहे का हो तुम्हाला, पंखा कमी करू का.

मग ती सांगत राहिली. तिला कधीचंच कळलं होतं की माझं काहीतरी बिनसलंय. चंपा पत्र वाचताना मध्येच थांबते, वाक्य अर्धंच सोडून पान उलटते, हे तिला ऐकू यायचं. तुला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली. मला म्हणाली, तुम्ही नाशिकचे ना, तो भेटला तर सांगा, लॉरी पुरी झाली नाही तरी चालेल, तू जसा असशील तसा ये, म्हणावं.

तिचा हात माझ्यापासून वीतभर लांब होता. तो उचलून माझ्या गळ्यावर ठेवावा, असं मनात आलं. मग वाटलं, भोकाला बोट लागलं आणि हा आपलाच मुलगा हे तिला तेव्हा पटलं, तर? तिच्या मनातला रामदास अजून धडधाकट आहे, जाडजूड आहे, जिन्यातून ओरडतो आहे. मी हात उचलला नाही. बरोबर केलं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

उठताना पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला आणि सुखी व्हा म्हणाली. व्हा म्हणाली, ताई.

लॉरीत चूक एकही नाही. मी पुन्हा पुन्हा तपासली होती.

तुझा,
रामदास


कर्वेनगर, पुणे
४ डिसेंबर २०२४

चि. रामदास यास,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही. या वेळी थोडं गाळून भागलं नसतं, सगळंच गाळावं लागलं असतं.

तू हात उचलायला हवा होतास की नको, हे मलाही सांगता येत नाही. मी असते तर कदाचित उचलला असता, आणि मग जन्मभर तेच मनात घोळत राहिलं असतं.

लॉरी टेबलावर आहे. आई ती क्वचितच हातात घेते. पण गेला आठवडाभर एकच विचारते आहे, नाशिकचे ते गृहस्थ पुन्हा कधी येणार. मी विचारलं, कशाला ग? म्हणाली, इतकं नीट ऐकून घेणारा माणूस हल्ली मिळत नाही, तू तर मध्येच बोलतेस. काल तिने माझ्याकडून धुतलेलं पातळ काढून ठेवून घेतलं. पाहुण्यांसमोर असं बसणं बरं दिसत नाही म्हणे.

म्हणून लिहिते, ये. हात हलवत ये, काही करून आणू नकोस. द्वारकालाही आण. आई तुला तिच्या मुलाबद्दल सांगेल, त्याचं कौतुक करील, तो येत नाही म्हणून तक्रारही करील. तुला अहो-जाहो करील. करू दे. तू नुसता तिच्याजवळ बसून राहा.

खुर्ची मी तिच्या पलंगाशी आणून ठेवली आहे. आमच्या दोघींचा जीव तुझ्यात आहे, एवढं असू दे ध्यानात.

तुझी,
ताई